एकशिक्षकी खासगी शाळेला आज जागा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोठ्या शाळेत बरीच वर्षं शिकवल्यावर आता स्वतःची छोटी शाळा काढावी असं मनात आहे. मुलं बारा ते पंधरा, वयं सहा ते अकरा, शिकवणाऱ्या तुम्ही एकट्या. पण ज्याला विचारावं तो म्हणतो की अशा शाळांचे दिवस गेले, विषयवार शिक्षक आणि प्रयोगशाळा नसेल तर ती शाळा कसली. तेव्हा आजच्या शिक्षणव्यवस्थेत अशा शाळेला खरंच जागा आहे की ही नुसती हौस आहे?

जागा आहे. मात्र ती प्राथमिक वयापुरती आहे आणि तिला अटी आहेत. मी अशी शाळा चालवली आहे, पुढे अशा शाळा चालवणाऱ्यांसोबत कामही करत आले आहे. त्यातून माझं एक ठाम मत झालंय: या शाळेची ताकद आणि तिचा धोका दोन्ही एकाच गोष्टीत आहेत. सगळं एका माणसावर असतं. त्यामुळे मुलाचं काय अडलंय ते लपून राहत नाही, आणि शिक्षकाचं काय चुकतंय ते मात्र सहज लपून राहतं. पहिल्याचा फायदा घ्यायचा असेल तर दुसऱ्याचा बंदोबस्त आधी करायला हवा.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरते, कारण तुम्हाला विरोध करणारे बहुतेक जण तो करतात. भारतात 2024-25 च्या सरकारी आकडेवारीनुसार एक लाखाहून जास्त शाळा एकशिक्षकी आहेत. यातल्या बहुसंख्य सरकारी. तिथे शिक्षक एकटा असतो तो पटसंख्या कमी म्हणून किंवा जागा भरलेल्या नाहीत म्हणून. पाच इयत्तांची पाच-पाच पुस्तकं त्याने वेगवेगळी शिकवावीत अशी अपेक्षा असते, वर माहिती भरणं, बैठका, सर्वेक्षणं. तो रजेवर गेला की शाळेला कुलूप. हा अभाव आहे आणि तो दूर झालाच पाहिजे. तुम्ही ज्याचा विचार करताय ती निवड आहे: मुलांची संख्या तुम्ही ठरवणार, अभ्यासाची मांडणी तुम्ही करणार, वेगवेगळ्या वयांची मुलं मुद्दाम एकत्र बसवणार. दोन्हीकडे माणूस एकच दिसतो म्हणून दोन्हीला एकाच मापाने मोजणं चूक आहे.

संशोधनातही हा फरक महत्त्वाचा ठरला. 1995 मध्ये सायमन वेनमन या डच अभ्यासकाने बहुवर्ग अध्यापनावरचे अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष साधा होता: अनेक इयत्ता एका वर्गात शिकणारी मुलं एका इयत्तेच्या वर्गातल्या मुलांपेक्षा सरासरीने मागेही नसतात आणि पुढेही नसतात. दुसऱ्याच वर्षी मेसन आणि बर्न्स या अभ्यासकांनी त्याला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं असं की बहुवर्गात शाळा बऱ्याचदा चांगली मुलं आणि चांगले शिक्षक निवडून घालतात. ते वजा केलं तर बहुवर्गाचा परिणाम थोडा उणेच निघेल. मला हे दोन्ही निष्कर्ष खरे वाटतात. वेगवेगळ्या वयाची मुलं एका खोलीत बसवल्याने आपोआप काहीच भलं होत नाही. शिकवण्याची पद्धत तीच जुनी ठेवली, म्हणजे एका गटाला फळ्यावर समजावायचं आणि बाकीच्यांनी तोवर उतरवून काढायचं, तर नुकसानच होतं.

संख्येचंही तसंच. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 ते 1989 या काळात मोठा प्रयोग झाला. मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कुठलाही निकष न लावता लहान आणि नेहमीच्या वर्गांत वाटलं. लहान वर्ग 13 ते 17 मुलांचे, नेहमीचे 22 ते 25 चे. बालवाडीपासून तिसरीपर्यंत लहान वर्गातल्या मुलांनी वाचनात आणि गणितात स्पष्ट आघाडी घेतली. म्हणजे तुमचा पंधराचा आकडा चांगल्या जागी बसतो. पण त्या वर्गांमध्ये इयत्ता एकच होती हे विसरू नका. तुमच्याकडे पंधरा मुलं म्हणजे चार-पाच पातळ्या असतील.

आता "काळ संपला" या म्हणण्याकडे येते. वयानुसार इयत्ता, इयत्तेला खोली, खोलीला शिक्षक ही रचना आपल्याला सनातन वाटते, पण तिचं वय दोनशे वर्षंही नाही. अमेरिकेतली पहिली पूर्णपणे इयत्तावार शाळा म्हणून बोस्टनच्या क्विन्सी शाळेचं नाव घेतलं जातं, तिचं वर्ष 1847. इंग्लंडमध्ये 1862 च्या नियमावलीने वाचन, लेखन आणि अंकगणित यांच्या सहा पायऱ्या ठरवल्या आणि मुलं त्या परीक्षेत पास होतात का यावर शाळेचं बरंचसं अनुदान ठरेल असा हिशेब लावला. इयत्तेची पकड घट्ट होण्यामागे असे प्रशासनाचे हिशेब होते. मुलं कशी शिकतात याच्या अभ्यासातून ती रचना निघालेली नाही. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ जगभर शाळा म्हणजे एक माणूस आणि लहानमोठी मुलं. आपल्याकडे पंतोजींची शाळा, इंग्लंडमध्ये घरच्या ओसरीवर बाया चालवायच्या त्या शाळा, आयर्लंडमध्ये कॅथलिकांच्या शिक्षणावर कायद्याने बंदी असताना कुंपणाआड भरणाऱ्या शाळा. यातल्या बहुतेक खासगीच होत्या. गाव किंवा पालक शिक्षकाचा चरितार्थ चालवत.

पण त्या सगळ्या चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही. जुन्या छोट्या शाळांचं गुणगान करणारं बरंच लिखाण सध्या वाचायला मिळतं, त्याने तुमचं भलं होणार नाही. इंग्लंडमध्ये 1861 साली, शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने या खासगी छोट्या शाळांवर कडक ताशेरे ओढले. कित्येक ठिकाणी शिकवणं नव्हतंच, मुलं दिवसभर सांभाळली जायची एवढंच. बंगालमध्ये 1835 ते 1838 या काळात सरकारने नेमलेल्या विल्यम ॲडमने देशी शाळांची पाहणी केली. गावोगाव शाळा आहेत हे त्याने नोंदवलं, आणि शिक्षकाचं उत्पन्न किती तुटपुंजं आहे हेही. चांगली एकशिक्षकी शाळा उत्तम असे आणि वाईट शाळा फार वाईट, कारण मधे अडवणारं कुणी नव्हतं.

त्या बंद का झाल्या याचं उत्तर अमेरिकेच्या आकड्यांत दिसतं. 1929-30 मध्ये तिथे एकशिक्षकी सरकारी शाळा जवळपास दीड लाख होत्या, 1959-60 मध्ये सुमारे वीस हजार उरल्या. मधल्या काळात रस्ते झाले, शाळेच्या बस आल्या, शेतीतून माणसं शहरात गेली, प्रत्येकाने हायस्कूल करावं अशी अपेक्षा आली आणि लहान शाळा एकत्र करणं प्रशासनाला सोपं पडलं. माध्यमिक शिक्षणासाठी ते योग्यच होतं. रसायनशास्त्र, वरचं गणित, दोन-तीन भाषा एकट्या माणसाने शिकवणं शक्य नाही. पण त्याच लाटेत सहा-सात वर्षांच्या मुलांच्या शाळाही गेल्या, ज्यांना विषयवार शिक्षकाची गरजच नव्हती.

गंमत अशी की याच काळात तिथे खासगी एकशिक्षकी शाळा वाढल्या. आधुनिक सोयी टाळून साधं जगणाऱ्या आमिश या ख्रिस्ती समाजाने आपली मुलं लांबच्या मोठ्या शाळांत पाठवायला नकार दिला आणि स्वतःच्या एकखोली शाळा उभ्या केल्या. पहिली ते आठवी, शिक्षिका बहुधा त्याच समाजातली तरुण मुलगी, तिचं स्वतःचं शिक्षणही आठवीपर्यंतचंच. 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठवीनंतर शाळेची सक्ती आमिश मुलांवर करता येणार नाही असा निकाल दिला. या शाळा आजही चालतात आणि त्यांच्या समाजाला हवं ते काम नीट करतात. मात्र त्यांच्याकडून शिकताना सावध राहा. ती शाळा मुलाला ओळखीच्या जगातच ठेवण्यासाठी आहे. तुमच्या शाळेतून मुलं बाहेर पडणार आहेत, पुढच्या शाळेत, अनोळखी मुलांत, परीक्षांत. त्यामुळे आमिश शाळेतली शांतता आणि मोठ्यांनी लहानांना सांभाळून घेणं तेवढं उचला, शिक्षिकेच्या मर्यादित ज्ञानावर समाधान मानणं उचलू नका.

मग आजच्या काळात ही शाळा नेमकं काय देते? एक उदाहरण जवळून दाखवते. आठ-नऊ वर्षांचं मूल 402 मधून 178 वजा करतं आणि उत्तर लिहितं 376. मोठ्या वर्गात यावर लाल फुली पडते, शेजारी 224 लिहिलं जातं आणि वही परत जाते. मूल ते उतरवून घेतं. पुढच्या आठवड्यात तीच चूक. छोट्या शाळेत तुम्ही त्याला म्हणता, मोठ्याने बोलत बोलत कर बघू. ते म्हणतं, "आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेलं सात, चारातून एक गेला तीन." एका क्षणात कळतं की मूल निष्काळजी अजिबात नाही. त्याचा स्वतःचा एक पक्का नियम आहे: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, वर कोण आणि खाली कोण हे बघायचं नाही. हा नियम त्याला कुणी शिकवला नाही. "लहानातून मोठं जात नाही" हे कधीतरी ऐकून त्याने स्वतः बनवला. आता पुढचं काम वेगळंच होतं. दशक उसना घ्यायची रीत पुन्हा घोकवून घेण्यात अर्थ नाही. काड्यांचे गठ्ठे काढायचे, शतकाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडायच्या आणि विचारायचं, यातून आठ सुट्या काड्या मला काढून दे. मूल थबकतं, दशकाच्या घरात हात घालतं, तिथे काही नाही. मग शतकाचा गठ्ठा सोडतं, दहा दशकं होतात, त्यातलं एक सोडतं. हे त्याने एकदा हाताने केलं की वहीवरचा शून्य त्याला कधीच अडवत नाही.

या सगळ्याला दहा-बारा मिनिटं लागली. चाळीसच्या वर्गात शिक्षिकेकडे ती नसतात, याचा दोष मी तिला देत नाही. तुमच्याकडे ती असतील. आणि हेच मूल पुढच्या वर्षी भागाकाराशी आलं की ते कुठून आलंय, काय चटकन धरतं, कुठे घाबरतं हे तुम्हाला ठाऊक असेल. दरवर्षी जूनमध्ये नव्या शिक्षिकेला मुलं ओळखण्यात महिना-दोन महिने घालवावे लागतात, ते इथे वाचतात. वाचनातही तेच. घडाघडा वाचणारं पण वाचलेलं न समजलेलं मूल मोठ्या वर्गात हुशार म्हणून वर्षानुवर्षं पुढे सरकतं. पंधरा मुलांत त्याला शेजारी बसवून "आता पुस्तक मिट आणि मला सांग" म्हटलं की दोन दिवसांत ते उघड होतं.

पण हे मिळवायचं तर दिवस कसा चालवायचा, यावर सगळं अवलंबून आहे. माझा आग्रह असा: गणित आणि वाचन-लेखन पातळीनुसार, वयानुसार कधीच नाही. साडेनऊ वर्षांचं मूल वाचनात वरच्या गटात आणि गणितात मधल्या गटात असेल तर असू दे. एका वेळी एका गटाला पंधरा-वीस मिनिटं तुम्ही पूर्ण द्यायची. तेवढ्या वेळात बाकीच्यांच्या हातात असं काम हवं जे त्यांना तुमच्याशिवाय करता येईल आणि तरी त्यांना विचार करायला लावेल. हे काम तयार करणं हीच या नोकरीतली खरी मेहनत आहे आणि ती आदल्या संध्याकाळी होते. मुलांना एक क्रम अंगवळणी पाडा: अडलं तर आधी सूचना पुन्हा वाच, मग शेजाऱ्याला विचार, मग मोठ्या मुलाला, आणि तरीही अडलंच तर दुसरं काम घे आणि बाई मोकळ्या होईपर्यंत थांब. पहिला दीड-दोन महिना फक्त ही सवय लावण्यात गेला तरी चालेल, अभ्यास मागे पडला म्हणून घाबरू नका. ही सवय लागली नाही तर वर्षभर तुमच्या पदराला एक ना एक मूल ओढत राहील आणि कुणालाच सलग पंधरा मिनिटं मिळणार नाहीत.

विज्ञान, भूगोल, गोष्टी, चित्रकला हे मात्र सगळ्यांना एकत्र. विषय एक, पण कुणी किती खोलात जायचं ते वेगळं. बी रुजवण्याचंच घ्या. सहा वर्षांची मुलं रोज चित्र काढतील. आठची मुलं एक दिवसाआड पट्टीने उंची मोजून तक्ता भरतील. दहाची मुलं त्याचा आलेख काढतील, आणि सावलीतलं रोप जास्त उंच का गेलं यावर वाद घालतील. मग त्यांना सांगायचं की पाणी, माती, बी सगळं सारखं ठेवून फक्त उजेड बदला आणि पुन्हा बघा. सहा वर्षांचं मूल हे सगळं कानावर पडत बसलेलं असतं. दोन वर्षांनी तेच काम त्याच्याकडे येतं तेव्हा आलेख हा शब्द त्याला परका नसतो. मिश्र वयाच्या वर्गाचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा फायदा हाच, आणि तो कुठल्याच परीक्षेत मोजला जात नाही.

या मांडणीसाठी सगळं स्वतः शोधायची गरज नाही. कोलंबियात 1970 च्या दशकाच्या मध्यात विकी कोल्बेर्त आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण एक-दोन शिक्षकी शाळांसाठी 'एस्कुएला नुएवा' ही पद्धत उभी केली. मुलांना स्वतः वाचून पुढे जाता येईल अशा मार्गदर्शिका, आपल्या गतीने वरच्या पातळीवर जाण्याची मुभा, शाळेच्या कामकाजात मुलांचा वाटा. ती हजारो शाळांत पोहोचली आणि पुढे देशाचं धोरण झाली. आंध्र प्रदेशात ऋषी व्हॅली या निवासी शाळेच्या आसपासच्या छोट्या एकशिक्षकी शाळांसाठी 'शिकण्याची शिडी' तयार झाली. विषयाच्या लहान लहान पायऱ्या, प्रत्येक पायरीला कार्ड, कार्डावर खूण. मूल आपली पायरी ओळखतं आणि आपलं कार्ड स्वतः उचलतं. कर्नाटकातल्या सरकारी शाळांमधल्या 'नली-कली' या पद्धतीची प्रेरणा तिथलीच. सध्याच्या संगणकावरच्या स्वयंगती कार्यक्रमांनी जे आणलं ते कागदी कार्डांनी फार आधी करून दाखवलं होतं. संगणक वापरायला माझी हरकत नाही, सरावासाठी आणि तुम्हाला न येणाऱ्या विषयांसाठी तो उपयोगी आहे. पण 376 हे उत्तर चूक आहे एवढं सांगणारा कार्यक्रम आणि मुलाला मोठ्याने बोलायला लावणारी बाई यांत मी बाईच निवडेन.

मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे शाळा घसरतात. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या एका अनाथाश्रमात अँड्र्यू बेलने मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत बसवली. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने तशाच पद्धतीच्या जोरावर एका शिक्षकाकडून शेकडो मुलं शिकवून दाखवली. काही दशकं जगभर तिचा बोलबाला होता. पण शेकड्यांत गेल्यावर ती कवायत झाली: अर्थ न समजता घोकणं आणि ओरडून म्हणणं. छोट्या प्रमाणात, रोज दहा-पंधरा मिनिटं, तीच गोष्ट फार चांगली चालते. अट एवढीच की मोठ्या मुलाला ती शिकवावी लागते. पेन्सिल त्याच्या हातातून घ्यायची नाही. उत्तर सांगायचं नाही, विचारायचं. आणि विचारल्यावर गप्प बसायचं. गप्प बसणं नऊ वर्षांच्या मुलाला सगळ्यात अवघड जातं. ते जमलं की त्याचं स्वतःचं समजणंही पक्कं होतं. मोठ्या मुलांचा वेळ तुमची मदतनीस म्हणून खर्च होतोय असं दिसलं तर तिथेच थांबवा. त्यांचे पालक त्यांना शिकायला पाठवतात.

आता धोके, आणि ते मी सौम्य करून सांगणार नाही. मोठ्या शाळेत मुलाचं एका बाईंशी पटलं नाही तर वर्ष संपतं आणि बाई बदलते. तुमच्याकडे ते मूल पाच वर्षं तुमच्याच समोर आहे. तुम्हाला एखाद्या मुलाचा स्वभाव मनातून आवडत नसेल, आणि प्रत्येक शिक्षकाला असं एखादं मूल असतंच, तर त्याला सुटका नाही. तुमचं इंग्रजी कच्चं असेल तर पंधराच्या पंधरा मुलांचं कच्चं राहणार. तुम्हाला गाणं येत नसेल तर शाळेत गाणं नाही. सगळ्यात गंभीर, बंद खोलीत एकच प्रौढ आणि लहान मुलं ही स्थिती मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने कधीच चांगली नाही, मग ती प्रौढ व्यक्ती कितीही भली असो. आणि वयाचा प्रश्न: दहा वर्षांच्या एकाच मुलीला बरोबरीची दुसरी मुलगीच नाही असं होऊ शकतं. त्या वयात मैत्रीण नसणं ही किरकोळ गोष्ट नाही.

म्हणून माझ्या अटी. शाळेचं दार उघडं हवं, म्हणजे अक्षरशः उघडं. कुणीही पालक कधीही, न सांगता येऊन मागे बसू शकेल. आठवड्यातून निदान दोन वेळा दुसरा प्रौढ शाळेत शिकवायला यावा: संगीत, खेळ, हस्तकला, दुसरी भाषा, जे तुम्हाला येत नाही ते. एकाच वयाची निदान दोन-तीन मुलं असतील असेच प्रवेश द्या, जागा रिकामी राहिली तरी. वर्षातून दोनदा तुमच्याशी नातं किंवा मैत्री नसलेल्या अनुभवी शिक्षकाला बोलवा. त्याने प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचून घ्यावं, गणितं घालावीत आणि त्याला काय दिसलं ते पालकांना तुमच्या गैरहजेरीत सांगावं. हे अंगावर काटा आणणारं वाटेल. पण मोठ्या शाळेत मुख्याध्यापक, सहकारी, पुढच्या इयत्तेची बाई हे काम नकळत करत असतात. चौथीच्या बाईंना पहिल्या आठवड्यात कळतं तिसरीत काय राहिलं. तुमच्या मागे चौथीच्या बाई नाहीत, त्या तुम्ही मुद्दाम आणायला हव्यात. मी पाहिलेल्या ज्या छोट्या शाळा हळूहळू बिघडल्या, त्यांतल्या शिक्षकांचं मुलांवर प्रेम कमी नव्हतं. त्यांना बाहेरून बघणारं कुणी नव्हतं.

वयाची मर्यादा अकरा-बाराच्या पुढे नेऊ नका. पालक गळ घालतील, मुलंही म्हणतील इथेच राहतो. चांगल्या शाळेत हे हमखास होतं. पण बाराव्या वर्षानंतर मुलाला विषयात रमलेली माणसं भेटायला हवीत, जिला बीजगणित मनापासून आवडतं अशी एक आणि ज्याला इतिहासाचं वेड आहे असा दुसरा. तुम्ही दोन्ही होऊ शकत नाही. शिवाय त्या वयात मुलाला अनोळखी गर्दीत आपली जागा शोधायचा सराव लागतो.

कायद्याचं काम आधी करा, जागा आणि फळा नंतर. देशादेशांत नियम फार वेगळे आहेत. जर्मनीत खासगी प्राथमिक शाळेला राज्याची मान्यता लागते आणि तिच्या पद्धतीत काही खास शैक्षणिक मूल्य आहे हे साधारणपणे पटवावं लागतं. इंग्लंडमध्ये सक्तीच्या वयाच्या पाच किंवा जास्त मुलांना पूर्णवेळ शिकवलं की साधारणपणे ती शाळा ठरते, नोंदणी आणि तपासणी दोन्ही लागतात. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात. 2020 च्या साथीत काही कुटुंबांनी मिळून एक शिक्षक नेमण्याची जी रीत पसरली, तिला कुठे शाळा मानलं, कुठे घरचं शिक्षण. भारतात 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मान्यतेशिवाय खासगी शाळा चालवता येत नाही, आणि पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असली तरी किमान दोन शिक्षक लागतात. म्हणजे भारतात सहा ते अकरा वयाच्या मुलांसाठी तुमच्या डोक्यातली नेमकी रचना मान्यताप्राप्त शाळा होऊ शकत नाही. तिथे दुसरा शिक्षक घेणं हाच सरळ रस्ता आहे, आणि वर सांगितलेले धोके पाहता मला तो शहाणपणाचाही वाटतो. "क्लास आहे", "केंद्र आहे" अशी नावं लावून पळवाट काढू नका. त्याची किंमत तुम्ही मोजत नाही, पुढच्या शाळेत प्रवेश घेताना मूल मोजतं.

पैशाचं एकच सांगते. पंधरा मुलांच्या शुल्कात तुमचा पगार, जागा आणि बाहेरून येणाऱ्यांचं मानधन निघत नसेल तर शाळा सुरू करू नका. नाहीतर दुसऱ्या वर्षी तुम्ही वीस मुलं घ्याल, तिसऱ्या वर्षी सव्वीस, आणि वर लिहिलेली ती दहा-बारा मिनिटं संपतील.

शेवटी नोंदी. प्रत्येक मुलाची वेगळी वही ठेवा: कुठल्या तारखेला कुठली पायरी जमली, कुठली चूक दिसली, त्यावर काय केलं, आणि तीन-तीन महिन्यांनी त्याच्या लिखाणाचा एक नमुना. निबंधासारखं लिहू नका, रोज चार ओळी पुरेत. तुम्ही आजारी पडलात तर बदलीवर येणाऱ्या शिक्षकाला ही वही वाचून दुसऱ्या दिवशी वर्ग पुढे नेता आला पाहिजे, आणि असा बदली शिक्षक शाळा उघडायच्या आधीच ठरलेला असला पाहिजे. मूल शाळा सोडेल तेव्हा वहीची प्रत पुढच्या शाळेला द्या. आणि शाळा बंद करावी लागलीच, तर किती आधी पालकांना कळवाल आणि मुलांच्या प्रवेशासाठी काय कराल हे पहिल्या दिवशी लेखी देऊन ठेवा. शैक्षणिक वर्षाच्या मध्यात शाळा बंद होणार नाही एवढी हमी त्यात नक्की असू द्या, आणि ती पाळता यावी म्हणून एका वर्षाचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय पहिला प्रवेश देऊ नका.